तारखांची वही

सातारा,
रविवार, रात्र

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा कुकरची शिट्टी झाली म्हणून बोलणं अर्धवट राहिलं, असं मी तुझ्या बाबांना सांगितलं. खरं म्हणजे तू फोन आपटलास, आणि आपटावा असंच मी बोलले होते. मुंबईच्या तुमच्या ऑफिसातल्या सातही वकिलांच्या तारखांची वही आता तुझ्याकडे आली, पगार वाढला, हे तू सांगत होतास आणि मी विचारलं, "चुकलं तर नाव कुणाचं लागणार?" आधी बरं झालं म्हणायचं असतं. तर आता म्हणते, फार बरं झालं. मोती चौकातून कंदी पेढे आणले, वरच्या आजींना नेऊन दिले. त्यांनी विचारलं, समीर वकील झाला का? मी म्हटलं, नाही, वकिलांना वेळेवर कोर्टात उभं करणारा झाला. त्यांना कळलं नाही. पेढा खाल्ला.

नाव कुणाचं हे मी का विचारलं ते एकदाच लिहिते, पुन्हा काढणार नाही. फोनवर बोलता आलं नसतं, कारण बाबा शेजारीच बसलेले असतात आणि त्यांना यातलं काही माहीत नाही.

२००३ साल. तू चौथीत होतास. मी साताऱ्यात ज्या वकीलसाहेबांकडे टायपिस्ट होते, त्यांच्या ऑफिसात शाळा सुटली की येऊन माझ्या टेबलाखाली बसायचास आणि टाकून दिलेल्या कार्बनवर चित्रं काढायचास. बोटं निळी, शर्ट निळा, आणि घरी गेल्यावर अक्का मला बोलायच्या. कोरेगावकडच्या एका आजी बांधाच्या दाव्यात खालच्या कोर्टात हरल्या होत्या. जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस. निकालाची नक्कल आली, साहेबांनी अपिलाचा मेमो, म्हणजे अपिलाचा मसुदा, सांगितला, मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतला आणि संध्याकाळी हिरव्या लेजर कागदावर टाईप करून त्यांच्या टेबलावर ठेवला. मुदत संपायला अजून ११ दिवस होते. साहेब तेव्हा निवडणुकीच्या धामधुमीत होते, कसल्या ते राहू दे. रोज सकाळी तो कागद मी वर काढून ठेवायची आणि दुपारपर्यंत त्याच्यावर दुसरं काहीतरी येऊन पडायचं. दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा म्हणाले, "बाई, मला मुदत शिकवू नका."

मुदत गेली. वर ४१ दिवस झाल्यावर आजी चौकशीला आल्या, तेव्हा कुठं कागद हलला. विलंब माफीच्या अर्जाला कारण लागतं, आणि वकील विसरले हे कारण शोभत नाही. साहेबांनी डिक्टेशन दिलं, "मी, प्रतिज्ञापत्र करणार, सदर वकिलांच्या कार्यालयात टायपिस्ट असून, प्रस्तुत प्रकरणाचे कागद माझ्या नजरचुकीने निकाली प्रकरणांच्या गठ्ठ्यात गेले." मी घेत गेले. हात चालत असला की डोकं मागं राहतं, तुला सांगायला नको. 'प्रतिज्ञापत्र करणार' म्हणजे आपणच, हे मला मशीनवर बसल्यावर कळलं. तरी टाईप केलं. एक मूळ, तीन कार्बन. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती खोडून दुरुस्त केली, शेजारी छोटी सही केली. मग खाली मोठी.

५०० रुपये खर्च भरण्याच्या अटीवर विलंब माफ झाला. टायपिस्टच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं काहीसं हुकमात होतं. आजींचं अपील वाचलं, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "होतं गं पोरी, लेकराबाळांच्या धांदलीत." पुढच्या तारखेला वाघ्या घेवड्याची पिशवी घेऊन आल्या. न केलेल्या चुकीची कुणी माफी दिली तर ती घ्यायची कशी? घेवडा तुम्ही सगळ्यांनी आवडीनं खाल्लात. दिवाळीला साहेबांनी पगारात २०० रुपये वाढवले.

तू म्हणशील, तो काळ गेला, आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर असतं. असतं ना. पण कॉम्प्युटर आठवण करतो ती तू भरलेल्या तारखेवरून. अपिलाची मुदत मोजताना निकालाचा दिवस धरायचा नाही. नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस वजा करायचे, आणि त्या तारखा नकलेवरच्या शिक्क्यात बघायच्या, कुणाच्या तोंडी सांगण्यावर नाही. चेकच्या केसला बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, ते संपले की महिन्याच्या आत फिर्याद. हे मी भाकरी थापताना म्हणायची, तुलाही पाठ झालं होतं. तुमच्याकडची कामं तर त्याहून वाईट. व्यापारी दाव्यात कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, १२० दिवस, पुढं हक्कच संपला. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर तीन महिने, वर सबळ कारण असेल तर ३० दिवस, आणि त्यानंतर एक दिवससुद्धा नाही. तिथं माझ्यासारखीनं शंभर प्रतिज्ञापत्रं केली तरी उपयोग नाही. मग ऑफिसात काय होत असेल, कुणाकडे बघत असतील सगळे?

म्हणून सांगते, तारीख दोघांनी मोजायची, आणि दुसऱ्यानं तुझा आकडा न बघता मोजायची. मसुदा सहीला पाठवलास की शेवटच्या तारखेसकट ईमेल कर. तोंडी आठवण ही आठवण नव्हेच. कुणी मेल केलास म्हणून रागावलं तर रागावू दे. मी तीनदा बोलले होते, पण एकदाही लिहून ठेवलं नव्हतं. जुन्या फाइलीवरून नवी नोटीस बनवताना आधीच्या पक्षकाराचं नाव आत राहतं, ते बघ. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत फसवणुकीच्या कलम ४२० चं ३१८ झालं, पण तुमच्या साच्यांत अजून ४२०च असेल.

बघ, लागले शिकवायला. तुला हे सगळं येतं. सहा वर्षं करतोयस आणि माझ्यापेक्षा चांगलं करतोयस. गणपतीत आला होतास तेव्हा ओसरीवर बसून ई-फायलिंगचं काय अडलं होतं ते तू त्या ज्युनियर वकीलबाईंना फोनवर समजावत होतास. एका शब्दानं त्यांना कमीपणा आणला नाहीस. मी आत डाळ निवडत ऐकत होते. डाळीत खडे राहिले ते त्यामुळे.

एलएलबी कर म्हणून मी तुझ्या किती मागं लागले होते. ते चुकलंच. म्हणजे करायचं असेल तर कर, तीन वर्षं काय चुटकीसरशी जातात. पण वकील झालं की माणूस मोठा आणि नाही झालं की कारकून, असं जे मी पिंकीच्या साखरपुड्यात चारचौघांत बोलले, ते माझं स्वतःचं दुखणं होतं. कोर्टातल्या लघुलेखकाची परीक्षा मात्र अजून डोळ्यांपुढं ठेव. सरकारी पगार असतो, आणि तिथं तू कागद पुढं ठेवलास तो दिवस नोंदला जातो. शॉर्टहँडचा वेग सोडू नकोस. मराठी टायपिंगही सोडू नकोस, फोर्टातल्या इंग्रजी ऑफिसात दोन्ही हात सारखे चालणारे कमी.

एक गंमत सांगते. आपल्यासारख्यांचा उल्लेख मला कायद्यात शोधायचा होता. साहेब जेवायला घरी गेले की मी पुस्तकं चाळायची. जुन्या पुरावा कायद्यात १२७ कलम सापडलं. पक्षकार वकिलाला विश्वासानं जे सांगतो ते वकिलाला बाहेर सांगता येत नाही, तेच बंधन वकिलाच्या कारकुनाला आणि नोकराला. 'नोकर' वाचून थोडं लागलं. पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कुणाचं तरी गुपित आपल्याही तोंडात आहे हे कायद्याला माहीत आहे. त्या पानाला मी सुपारीच्या पाकिटाचा कागद घालून ठेवला होता. साहेबांच्या मुलानं पुस्तकं रद्दीत घातली तेव्हा गेला असेल.

मला शांत झोप लागली ती करोनात. सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मुदतीतून वगळला होता ना. बाहेर माणसं मरत होती आणि मला झोप लागत होती, असं कुणाला सांगायचं नसतं. तुला सांगितलं.

त्या प्रतिज्ञापत्राची एक कार्बन माझ्याकडे आहे, लोखंडी कपाटात, तुझ्या जन्मपत्रिकेच्या पाकिटात. पाठवणार नाही. तुला घाबरवायचं नाहीये. एवढंच की कुणी घाईत कागद पुढं केला, "अरे, फॉर्मॅलिटी आहे" म्हणालं, तर शौचाला जायचंय म्हण, उठून जा, आणि मला फोन कर. कुकर असला तरी उचलीन. वाचल्याशिवाय सही नाही. वाचून खोटं निघालं तरी नाही. नोकरी गेली तर गेली, मी आहे, बाबांची पेन्शन आहे.

पुन्हा तेच आलं. जाऊ दे.

सुरेशदादा मंगळवारी शिवशाहीनं येतोय. त्याच्याकडे चिवडा, लसणाची चटणी आणि तुझा राखाडी स्वेटर देते. तुमच्याकडचा एसी तुला सोसत नाही. डबा परत पाठव, झाकणासकट.

कोल्हापूरचं मी आता काढणार नाही. तुझं बरोबर आहे, १८ ऑगस्ट २०२५ ला तिथं हायकोर्टाचं सर्किट बेंच बसलं म्हणून तू फोर्टातली जागा सोडून का यावंस? परवा तोच विषय काढून मी तुझा मूड घालवला. पण साताऱ्याची प्रकरणंही आता तिकडंच जातात, आणि सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या त्या जुन्या कोर्टाजवळ सुमनमावशीची वरची खोली दसऱ्यानंतर रिकामी होतेय. ती मलाच विचारत होती, भाडेकरू आहे का कुणी. मी अजून काही बोलले नाही.

तुझी,
आई