कूलर बनविणाऱ्या काकांना, गाडीच्या पोटाखालच्या पत्र्यांबद्दल

आदरणीय काकांस,

सा. न. वि. वि.

आपण केलेल्या कामाचे पैसे घेतले नाहीत आणि मी आभार मानू लागलो तेव्हा "पुरे झालं, चहा घ्या" म्हणून विषय तोडलात. त्यामुळे समोर बसून जे बोलता आले नाही ते लिहून कळवावे असे ठरविले. पत्र सर्वांना वाचता येईल असे ठेवतो आहे, त्याचे कारणही आपणच सुचविलेले आहे. वाऱ्याचा विरोध कमी करून पेट्रोल वाचविण्यासाठी छोट्या गाडीच्या पोटाखाली घरच्या घरी पत्रे बसविण्याची हौस उद्या आणखी कोणाला आली, तर त्याने निदान माझ्याच चुका पुन्हा करू नयेत. आपले नाव कोठेही घालायचे नाही ही आपली अट पाळली आहे.

माझी जुनी आल्टो आपण आतून-बाहेरून पाहिली आहे, परंतु इतरांसाठी सांगतो. इंजिन 796 सी.सी.चे, तीन सिलिंडरचे. दर आठवड्याला ती सांगलीहून आष्ट्यामार्गे पेठ नाक्यावर महामार्गाला लागते आणि कराड, सातारा करीत पुण्याला जाऊन परत येते. जाऊन-येऊन साधारण 460 किलोमीटर होतात. मोटारीच्या पुढचा भाग कितीही गुळगुळीत असला, तरी खाली वाकून पाहिले की अडगळीचा माळा दिसतो. सायलेन्सरचा पाइप, इंजिनाचे तेलाचे चेंबर, चाकांना धरणारे लोअर आर्म, पेट्रोलच्या टाकीची कड, स्टेपनीचा खळगा आणि मागच्या बंपरची पोकळी या प्रत्येकाला खालून जाणारा वारा अडखळतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 80 चा वेग 100 केला की तो दीडपटीहून अधिक होतो. गावात हे जाणवत नाही. माझ्या गाडीचा अंदाजी हिशेब मांडला, तेव्हा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास रस्त्याचा (टायर घरंगळण्याचा) आणि वाऱ्याचा विरोध जवळजवळ सारखा येत होता, आणि त्यापुढे वाराच वरचढ ठरत होता.

मोठ्या कंपन्यांनी हे फार पूर्वी ओळखले आहे. 1955 साली आलेल्या सित्रोएन डी.एस. या फ्रेंच गाडीचे पोट मुद्दाम सपाट ठेवलेले होते. होंडाने 1999 साली बाजारात आणलेल्या पहिल्या इनसाइटचा वात-विरोध गुणांक (गाडीचा आकार वाऱ्याला किती अडतो ते सांगणारा आकडा; जितका कमी तितका चांगला) 0.25 होता आणि तो साधण्यासाठी मागची चाके झाकण्याबरोबरच गाडीखालीही आवरणे दिलेली होती. त्या इनसाइटच्या पोटाचे छायाचित्र मी आपल्याला मोबाइलवर दाखविले, तेव्हा आपण चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलेत आणि म्हणालात, "हा तर डक्टच आहे, फक्त उलटा केलेला. आमचा वारा आतून जातो, यांचा बाहेरून." (डक्ट म्हणजे हवा वाहून नेणारा पत्र्याचा बोगदा.) मी चार महिने जे वाचत होतो ते या एका वाक्यात येऊन बसले.

तथापि आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी मी स्वतःच्या अकलेने एक उद्योग करून बसलो होतो, आणि आभाराचे खरे कारण त्यातच आहे. दुकानाच्या पाट्यांसाठी वापरतात ती प्लॅस्टिकची सनपॅक शीट मी आणली. ती हलकी असते, कात्रीने कापता येते आणि भिजत नाही. बंपरच्या खालच्या कडेपासून थेट पुढच्या सीटखालपर्यंत सगळे पोट मी तिने बंद करून टाकले आणि केबल टायने आवळून टाकले. पहिल्या पन्नास किलोमीटरला गाडी शांत वाटली म्हणून मी खूश होतो. कराड ओलांडल्यावर टोलच्या रांगेत उभा राहिलो, तर रेडिएटरचा पंखा थांबायलाच तयार नाही, तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकलेला आणि प्लॅस्टिक करपल्याचा वास. रस्त्याच्या कडेला आडवे होऊन पाहिले. सायलेन्सरच्या बाजूची शीट उन्हातल्या मेणासारखी वाकून पाइपाला चिकटली होती. चिकटलेला भाग चाकूने खरवडून काढला, उरलेली शीट टाय कापून सोडवली, डिकीत कोंबली आणि तसाच पुढे गेलो.

ती वेडीवाकडी शीट घेऊन मी मिरज रस्त्यावरच्या आपल्या दुकानात आलो तो केवळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून घेण्यासाठी. दिवस कूलरच्या हंगामाचे होते, दारात सात-आठ टाक्या रंगून वाळत होत्या आणि आपल्याला मान वर करायलाही सवड नव्हती. तरी आपण पत्र्याचे माप घेण्याआधी विचारलेत, "रेडिएटरमधून आत शिरलेला वारा बाहेर कुठून जायचा?" मला उत्तर देता येईना. त्यावर आपण जे म्हणालात ते मी त्या रात्री वहीत टिपून ठेवले आहे: "कूलर लावून खिडकी बंद करता का तुम्ही? वाऱ्याला आत घेतलं की त्याला जायला वाट द्यावी लागते. नाहीतर तो कोंडतो, आणि कोंडलेला वारा थंड करत नाही, शिजवतो."

खोलीतली खिडकी उघडी ठेवल्याशिवाय कूलर गारवा देत नाही हे आपल्याकडच्या पोरालाही ठाऊक असते, पण इंजिनाच्या खोलीला हाच नियम लागू आहे हे माझ्या डोक्यात आले नव्हते. पुढून घेतलेला वारा रेडिएटरमधून तापून इंजिनाखालूनच बाहेर पडतो, आणि नेमके तेच दार मी शिवून टाकले होते.

त्यानंतर जे काम झाले ते माझे कमी आणि आपले अधिक. इंजिनाखालचा पत्रा आपण रेडिएटरच्या मागच्या बाजूला चार बोटे आधीच थांबविलात आणि त्याची मागची कड किंचित खाली वळविलीत, म्हणजे खालून पळणारा वारा त्या फटीतली गरम हवा ओढून नेईल. सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा, खूप तापणारा डबा) यांच्या खाली तर आपण काहीच बसवू दिले नाही. तो लांब पट्टा आजही उघडा आहे आणि पत्रे त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. कूलरच्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याऐवजी एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यायला लावलात, कारण तो चौरस मीटरला 2.7 किलो भरतो आणि त्याच जाडीचा लोखंडी पत्रा जवळजवळ तिप्पट. मागच्या भागात, जिथे उष्णता नाही, तिथे मात्र माझी सनपॅक शीटच ठेवायला सांगितलीत. जे टाकाऊ नाही ते टाकायचे नाही, हा आपल्या दुकानाचा स्वभाव मला तिथे दिसला.

एक गोष्ट तपशिलात लिहितो, कारण ती मला कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती. पत्रा सपाट कापून बोल्ट मारायला मी निघालो होतो. आपण तो लाकडी ओंडक्यावर ठेवलात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सळई दाबून हलकी घडी पाडलीत, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत तशीच, आणि पत्र्यावर पतंगाच्या काड्यांसारखी फुली उमटली. मी विचारले तर म्हणालात, डक्टच्या मोठ्या पत्र्याला अशी फुली दिली नाही तर पंखा सुरू होताच तो डबा वाजवल्यासारखा ढब-ढब करतो. मग आपण तो हातात धरून हलवून दाखविलात. मघाशी लवलवणारा पत्रा पाटासारखा ताठ झाला होता. ताशी 90 ला माझ्या पायाखाली आज जी शांतता आहे ती त्या फुलीची आहे.

पत्र्यावर पत्रा कसा चढवायचा हेही आपण कौलांवरून शिकविलेत. पावसाचे पाणी वरून येते म्हणून वरचे कौल खालच्यावर चढते. इथे वारा पुढून येतो, म्हणून पुढच्या पत्र्याची मागची कड मागच्या पत्र्याच्या बाहेरून, म्हणजे रस्त्याच्या बाजूने, यायला हवी. मी नेमके उलटे धरले होते. तसे बसले असते तर वाऱ्याने पत्र्याच्या कडेत बोट घालून तो महामार्गावर सोलून काढला असता, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे काय झाले असते याचा विचार मला अजून नकोसा वाटतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. गाडीला नवीन भोक न पाडता मूळच्या भोकांतूनच नायलॉक नट (हादऱ्याने सैल न होणारे) वापरले. ओलाव्यात लोखंडाला टेकलेले ॲल्युमिनियम गंजून झिजते म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचे वॉशर कापून घातले. चेंबरमधले तेल काढायच्या ड्रेन बोल्टासमोर हाताने फिरविता येणाऱ्या विंग नटची खिडकी ठेवली, पाणी निघायला छिद्रे ठेवली आणि जॅक लावायच्या जागा मोकळ्या सोडल्या. गाडी जमिनीपासून जेमतेम एका सेंटिमीटरने खाली आली, आणि आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाने एकदाच पत्र्याला चाटून आपली नाराजी नोंदविली.

मागचा पत्रा वर चढता ठेवण्याचा हट्ट माझा होता. मी तो बारा अंशांवर बसविला होता. बंपरखाली लोकरीचे तुकडे चिकटवून मागच्या गाडीतून चित्रीकरण केले, तर पुढचे तुकडे सरळ आणि शेवटचे गोंधळून गोल गोल फिरत होते. म्हणजे वाऱ्याने पत्र्याची साथ सोडली होती. आपण हसलात आणि म्हणालात, डक्टचा गळाही एकदम रुंद केला की हेच होते. सहा अंशांवर आणल्यावर सगळे तुकडे शिस्तीत मागे वळले.

मापनाच्या बाबतीत आपले ऋण वेगळेच आहे. पहिल्याच रविवारी आकडा चांगला आला आणि मी ते सगळीकडे सांगत सुटणार होतो. "पत्रे काढा आणि पुन्हा बघा. मग परत लावा आणि परत बघा," असे आपण म्हणालात, तेव्हा मला खरे तर राग आला होता, खाली आडवे होऊन अठरा बोल्ट काढणे म्हणजे काय असते ते कोपरांना ठाऊक. पण आपण पहाटे साडेपाचला स्वतः येऊन बसलात, दोन रविवार आलात, आणि प्रत्येक फेरीला गाडीत होतात म्हणून वजनही सारखे राहिले. रहदारी नसलेल्या सरळ तुकड्यावर, टायरची हवा एकसारखी ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि ताशी 80 वरून 60 वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. दोन्ही दिशांना, म्हणजे वाऱ्याची झुळूक कोणाच्याच बाजूने राहत नाही. पहिल्या रविवारचा तो चांगला आकडा पाठीवरच्या वाऱ्याचा निघाला. सगळ्या फेऱ्यांची सरासरी घेतली तेव्हा पत्र्यांशिवाय 20.3 सेकंद आणि पत्र्यांसह 21.2 सेकंद आले. एकाच स्थितीतल्या दोन फेऱ्यांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडत असल्याने एवढ्या फेऱ्या केल्या नसत्या तर हा आकडा विश्वासाचा ठरला नसता.

एक सेकंदही नाही! पण हिशेब केला तर त्या वेगाला एकूण विरोध सुमारे 4 टक्क्यांनी घटला, आणि त्यात वाऱ्याचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याने वाऱ्याचा विरोध साधारण 7 टक्क्यांनी. महामार्गावर लिटरला 21.6 किलोमीटर देणारी गाडी आता 22.2 देते. आठवड्याला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पेट्रोल वाचते, म्हणजे पत्रा आणि बोल्ट यांना लागलेले पावणेतीन हजार रुपये फिटायला वर्षभर लागेल, तेही आपली मजुरी शून्य धरून. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढताना या पत्र्यांचा उपयोग शून्य, कारण तिथे भांडण वाऱ्याशी नसून चढाशी आहे. आणि आपण तेव्हाच बोट ठेवलेत ते खरे आहे: ताशी 90 ऐवजी 80 ने गेलो तर वाऱ्याचा विरोध पाचव्या भागाहून अधिक कमी होतो, एकही बोल्ट न लावता. मी आता 80 नेच जातो आणि पत्रेही ठेवले आहेत. हौसेला एवढी सूट आपण द्याल असे वाटते.

आपल्या कामाचे मोल मी करू शकत नाही, परंतु उरलेला अर्धा पत्रा, नायलॉक नटांची पुडी आणि फेऱ्यांच्या आकड्यांच्या वहीची प्रत आपल्या मुलाकडे देऊन ठेवली आहे. वही त्याने मागून घेतली; पुढच्या हंगामात कूलरच्या पंख्याची पाती तशाच पद्धतीने, एक बदल आणि पुन्हा मूळ, अशी मोजून पाहायची असे तो म्हणत होता.

एक काम मात्र राहिले आहे. मागच्या बंपरची पोकळी अजून वारा पकडते, आणि पावसाळ्यात डाव्या मागच्या चाकापुढच्या सनपॅक शीटला चिखल बसून तिची कड फाटली आहे. दसऱ्यानंतर आपल्याला सवड असेल तो वार कळवावा. बोल्ट मी आदल्या रात्रीच काढून ठेवीन आणि चहा या वेळी माझ्याकडून असेल.

काकूंना सा. न.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आल्टोवाला