फिकहवाल्याला बलागत कशाला?

कैरो

अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

फिकह, म्हणजे इस्लामी कायदा, शिकायला गेलास आणि हे बलागत कसलं वाचत बसलायस, असं तुम्ही फोनवर विचारलंत. बलागत म्हणजे माणूस आणि प्रसंग बघून नेमकं बोलण्याचं शास्त्र. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

वाचतोय ते जलालुद्दीन कझवीनींचं 'तलखीस', बलागतचंच पुस्तक. चाचांनी मदरशात 'मुख्तसरुल मआनी' केलं होतं ना, ती याच्यावरचीच तफ्ताझानींची टीका. कझवीनी आपल्यासारखेच शाफई मजहबचे. जन्म १२६८चा, मोसुलचा. दमास्कसच्या उमय्या मशिदीत खुत्बा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, द्यायचे, म्हणून 'खतीब' म्हणूनच ओळखले जातात. पुढे तिथले मुख्य काझी झाले आणि १३२७मध्ये इथे कैरोत, अख्ख्या इजिप्तचे. १३३८मध्ये दमास्कसलाच वारले.

त्यांचं म्हणणं असं की ऐकणारा कोण आहे ते बघून बोलावं. त्याला काहीच ठाऊक नसेल तर साधं सांगा. शंका असेल तर थोडा जोर द्या. नाकारत असेल तर जोर द्यायलाच हवा, आणि नकार जितका कडक तितका जास्त. दाखला दिलाय तो कुरआनातल्या सूरे यासीनचा, अम्मी पढते तीच. गाववाले अल्लाहने पाठवलेल्या रसुलांना खोटं ठरवतात तेव्हा रसूल म्हणतात, 'इन्ना इलैकुम मुर्सलून', आम्हाला तुमच्याकडेच पाठवलंय. लोक पुन्हा धुडकावतात. मग 'आमचा रब जाणतो' अशी शपथेसारखी सुरुवात येते आणि शेवटी 'लमुर्सलून'. एका 'ल'ने जोर वाढला. इतक्या वेळा ऐकलेली आयत, पण हे वाचलं आणि अंगावर काटा आला.

आता फिकहचं बघा. दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा, नाकारणाऱ्याने शपथ घ्यायची. काझीसमोर रोज हीच माणसं उभी. मला तर वाटतं, हे पुस्तक काझीलाच सुचावं असं आहे.

आणि 'तलखीस'मधलं हुकमाचं, म्हणजे आज्ञार्थाचं, प्रकरण तर थेट आमच्या कामाचं. 'इअमलू मा शिअतुम', हवं ते करा. शब्द आज्ञेचे, पण कुरआनात ती धमकी आहे. नुसतं क्रियापदाचं रूप बघून कुणी तिला परवानगी समजला, तर तो लोकांना काय फतवा देईल! म्हणून हे आधी शिकायचं, अब्बा.

चाचांची मुख्तसरची जुनी प्रत माळ्यावर असेल. तिच्या समासातल्या हाशियांचे फोटो काढून पाठवायला आपाला सांगा. 'कस्र'च्या, म्हणजे 'फक्त हेच' असं मर्यादित करून सांगण्याच्या, प्रकरणात अडकलोय, तिथली पानं आधी.

अम्मीला, चाचांना सलाम.

तुमचा मुलगा