पैसा पावसाच्या आधी पोहोचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्याच्या अर्थसंकल्पात आरोग्याच्या वाट्याला काय आलं, हे दर मार्चमध्ये मी पेपरात आधी बघते. नवी रुग्णालयं, श्रेणीवर्धन, वैद्यकीय महाविद्यालयं. हे सगळं हवंच आहे. पण ३१ वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढल्यावर माझी नजर दुसरंच शोधते: ज्या इमारती उभ्या आहेत, त्या चालवायला किती ठेवले?

गेल्या श्रावणात माझ्या भाचसुनेला रात्री कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. बाळाचे ठोके उतरत होते, सिझर करावं लागणार हे मलाही कळत होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर होत्या. थिएटर होतं, टेबलावर हिरवी चादर अंथरलेली होती. भूलतज्ज्ञ मात्र नव्हता. पद रिकामंच, आणि केसमागे मानधन देऊन बाहेरून ज्यांना बोलावत ते डॉक्टर मागच्या केसेसचे पैसे थकले म्हणून येईनासे झालेले. त्या मॅडमनी स्वतः स्ट्रेचर ढकलत आम्हाला १०८ पर्यंत पोहोचवलं. पुढे घाट आणि मग सिव्हिल. बाळ जगलं, पण उशिरा रडलं. आठवा महिना सरत आलाय, अजून मान धरत नाही.

यात त्या मॅडमचा दोष नाही, न आलेल्या डॉक्टरांनाही मी बोल लावणार नाही. मानधन थकलं कारण निधी वेळेवर सुटला नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा उचलतात. कुणाचाही हप्ता लांबला की कंत्राटी नर्सचा पगार आणि केसमागचं मानधन, दोन्ही अडकतं. मग मार्चअखेरीला पैसा येतो आणि ३१ तारखेच्या आत संपवायची धावपळ सुरू होते. आमच्या केंद्रात एका मार्चमध्ये बारा लोखंडी कपाटं येऊन पडली. त्याच वर्षी जूनच्या वादळात तीन दिवस वीज गेली, तेव्हा जनरेटरला डिझेल नव्हतं. लसी कोल्डबॉक्समध्ये हलवून, गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये आइसपॅक गोठवून, मी आणि शिपाई रात्रभर तापमान लिहीत बसलो होतो.

आजारांना आर्थिक वर्ष कळत नाही. साप चावतात ते भातलावणीत आणि सोंगणीत. हिवताप, डेंगी, जुलाब सगळं जून ते ऑक्टोबर. म्हणजे गरज पावसाळ्यात आणि पैसा शिमग्याला.

एकूण तरतूदही तोकडीच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितलं होतं की २०२० पर्यंत अर्थसंकल्पाचे ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करा. ते साल कधीच मागे पडलं आणि महाराष्ट्र अजून त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतोय. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, फार चांगलं झालं. गरीब माणूस केसपेपरच्या पैशांसाठीही घरी अंग काढत बसायचा, मी पाहिलंय. पण ओपीडी वाढली की औषध आणि हातही वाढायला हवेत.

३० खाटांचं असं रुग्णालय सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात ८० हजार लोकांमागे एक, असा निकष आहे. एवढ्या लोकांसाठी एक भूलतज्ज्ञ म्हणजे काही चैन नव्हे. नव्या इमारतीचा नारळ फोडण्याआधी चालू रुग्णालयांतली ही पदं भरण्याची तरतूद वेगळी दाखवा. डॉक्टर आडभागात राहत नाहीत म्हणतात. राहायला गळकं क्वार्टर आणि तीन-तीन महिने न मिळणारा पगार असेल तर कोण राहील? औषधं, डिझेल, केसमागचं मानधन यांचा वर्षाचा निम्मा पैसा मेअखेर तालुक्याला पोहोचला पाहिजे आणि तो पोहोचल्याचा कागद रुग्णालयाच्या दारात लागला पाहिजे.

आपल्याला एक विनंती. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी आपण पानभर आकडे देता. जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या तालुका वार्ताहरांना ग्रामीण रुग्णालयात पाठवा. भूलतज्ज्ञ आहे का, सापाच्या लशीच्या कुप्या किती, जनरेटरमध्ये डिझेल आहे का, एवढंच विचारून छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, नाशिक जिल्हा