चूळ भरू नका, एवढं तरी छापा

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पुरवणीतला मुलांच्या दातांवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून नुसती चिडचिड होतेय. फ्लोराइड लावून घ्या म्हणताय, बरोबरच आहे, पण लावल्यावर काय पाळायचं यावर अख्ख्या पानात एक ओळ नाही?

माझी लेक तिसरीत असताना शाळेत डेंटल कॅम्प झाला. डॉक्टरांनी ट्रेमध्ये जेल घालून चार मिनिटं दातांवर ठेवलं, सगळं नीट केलं, आणि ते जाताच बाईंनी पोरांना नळावर रांगेत उभं करून खळखळून चुळा भरायला लावल्या, का तर पोरं तोंडं वेडीवाकडी करत होती, आणि लगेच मधली सुट्टी, डबे उघडले! लेकीने घरी येऊन हौसेनं सांगितलं, तेव्हा मलाही काही वावगं वाटलं नाही. पुढच्या वर्षी दाढ दुखायला लागली म्हणून परळला डेंटिस्टकडे नेलं, तेव्हा कळलं की जेल काढल्यावर उरलेलं फक्त थुंकायचं, अर्धा तास खाणं नाही, पाणी नाही, चूळ तर नाहीच. दाढ त्यामुळेच किडली असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही, पण त्या जेलमध्ये १२,३०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १२,३०० भाग, फ्लोराइड असतं आणि रोजच्या पेस्टमध्ये हजारच्या आसपास, मग त्यातलं किती गटारात गेलं ते सांगा.

हे फ्लोराइड सगळंच्या सगळं दातात कायमचं मुरत नाही हो. बरंचसं कॅल्शियमशी मिळून बारीक कणांच्या रूपात दातावर बसतं, गोडधोड खाल्ल्यावर तोंडात आम्ल तयार झालं की ते कण विरघळतात आणि त्यातलं फ्लोराइड इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराला, वाचवतं. हा साठा संपत जातो, म्हणून तर दर तीन ते सहा महिन्यांनी परत लावायला सांगतात. रात्रीच्या ब्रशचंही तेच, फेस थुंकायचा आणि झोपायचं, वर पाण्याने चुळा नकोत. आमच्याकडे आजी-आजोबांना हे पटवता पटवता महिना गेला.

आणि तो फोटो! तीनेक वर्षांचं पोर आणि ब्रशभर पेस्ट! या वयात वाटाण्याएवढी पुरते, लहान मुलं गिळतात ती. पुढच्या पुरवणीत फोटो बदलून, चुळेचं ठळक छापा. आमच्या शाळेत पुढच्या महिन्यात परत कॅम्प आहे, ते कात्रण मी स्वतः बाईंच्या हातात देईन.

एक आई, लालबाग