राक्षसाचं दार

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘मी असाच आहे गं, तापट. समजून घेणारी कुणी भेटली की होईन आपोआप शांत.’ मी हसून विषय बदलला, पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. हे आपण आधी कुठंतरी ऐकलंय, असं वाटत राहिलं. मग आठवलं. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची ती सीडी! ओरखडे पडून अडकायला लागली तरी तू सोडली नव्हतीस.

१९९१ सालच्या त्या कार्टून सिनेमात बेल नावाची मुलगी जेवायला येत नाही म्हणून राक्षस, म्हणजे शापानं तसा झालेला राजपुत्र, तिच्या दारावर धाडधाड मुठी आपटतो. माझ्याबरोबर जेवणार नसेल तर राहू दे उपाशी, म्हणतो. तू खो खो हसायचास. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू? दाराच्या पलीकडे बापाच्या बदल्यात कैदेत राहिलेली पोर आहे, हे तेव्हा माझ्याही मनात आलं नव्हतं. आणि त्याच शापानं घड्याळ, किटली, मेणबत्तीदान होऊन बसलेले त्याचे नोकर सगळे मिळून तिलाच पटवतात, की तो मनानं वाईट नाही. बिचाऱ्यांची स्वतःची सुटका तिच्या प्रेमावर अडकलेली! (तुझ्या बाबतीत मी कुणाला अशी पटवायला जाणार नाही, आत्ताच सांगते.)

जुन्या गोष्टीत हे असं नाही. लप्रँस द बोमाँ या बाईंच्या १७५६ सालच्या फ्रेंच कथेत गुलाब तोडला म्हणून राक्षस बापावर उखडतो खरा, पण मुलीशी वागताना अदब सोडत नाही. जेवणाच्या वेळी रोज विचारतो, लग्न करशील का? ती नाही म्हणते. पहिल्यांदा तर महाल दणाणेल असा सुस्कारा टाकतो आणि निघून जातो. बस्स. तिथं तिला सवय करायची होती ती त्याच्या रूपाची. सिनेमावाल्यांनी त्या रूपाला संतापाची जोड दिली, आणि तो उतरवायचं कामही तिच्याच गळ्यात टाकलं.

एक प्रसंग मात्र मला अजून आवडतो. सिनेमातल्या जादूच्या गुलाबाच्या पाकळ्या संपत आल्यात, शेवटची गळली की शाप कायमचा होणार, आणि तो तिला सांगतो, जा बापाकडे. तोवर तिनं प्रेमाचा एक शब्दही उच्चारलेला नसतो. तेवढं त्यानं स्वतःचं स्वतः केलं. तुला तो भाग कंटाळवाणा वाटायचा, तू लांडग्यांची मारामारीच पुन्हा पुन्हा लावायचास.

तुझ्या खोलीच्या दाराची कडी, तू आपटलीस तेव्हापासून, एका स्क्रूवर लोंबकळतेय. बाबा सुताराला बोलावत होते, मी नको म्हटलं. सुट्टीत येशील तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर टेबलाच्या खालच्या खणात आहे.

तुझी,
आई