पॅरिसच्या विमानतळावरून डिस्नेलँडच्या हॉटेलपर्यंत : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मे महिन्यात तू, वहिनी, दोन्ही मुले आणि आई असे पाच जण पॅरिसला जाणार आणि पहिले तीन दिवस डिस्नेलँडच्या शायान हॉटेलमध्येच उतरणार, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. विमानतळावरच गाडी भाड्याने घ्यावी का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. त्याची कारणे सविस्तर लिहितो, कारण आईंना बरोबर घेऊन जाताना पहिल्या सकाळची व्यवस्था चोख असणे फार महत्त्वाचे आहे.

रात्रभर विमानात अर्धवट झोप झालेली असताना, ज्या देशात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात तिथल्या द्रुतगती मार्गावर पहिल्यांदाच चाक हातात घेणे मला मुळीच सुरक्षित वाटत नाही. शिवाय पुढचे तीन दिवस ती गाडी वाहनतळावर नुसती उभी राहील आणि भाडे मात्र चढत राहील. डिस्नेलँडची रचना अशी आहे, की रेल्वे स्थानकातून बाहेर पडल्यावर उद्यानाचे प्रवेशद्वार अगदी दोन-तीन मिनिटांच्या चालीवर आहे आणि हॉटेलांसाठी स्थानकाबाहेरूनच मोफत बस सुटतात. डिस्नेच्या निवासांपैकी डेव्ही क्रॉकेट रँच हे एकच ठिकाण असे आहे, जे जंगलात दूर असून तिथे ही बस जात नाही. तिथे उतरणाऱ्याने गाडी घ्यावी हे योग्यच. तुझे आरक्षण तिथे नाही, म्हणून हा प्रश्न तुझ्यापुरता मिटतो.

आता मुख्य गोष्ट. नकाशा उघडून एकदा नीट पाहा. शार्ल द गोल विमानतळ पॅरिसच्या ईशान्येस आहे आणि डिस्नेलँड शहराच्या पूर्वेस, मध्य पॅरिसपासून सुमारे बत्तीस किलोमीटरवर. म्हणजे एकाहून दुसरीकडे जाण्यासाठी पॅरिस शहरात शिरण्याचे काहीच कारण नाही. पॅरिसला पूर्वेकडून वळसा घालणारा अतिवेगवान रेल्वेचा मार्ग नेमका या दोन्ही ठिकाणांवरून जातो. विमानतळाखालचे आणि डिस्नेलँडच्या दारातले अशी टीजीव्हीची, म्हणजे या अतिवेगवान गाडीची, दोन्ही स्थानके १९९४ साली, म्हणजे उद्यान उघडल्यानंतर दोनच वर्षांत सुरू झाली. या गाडीला दोन स्थानकांमधील अंतर कापायला साधारण दहा मिनिटे लागतात. आपल्याकडचे अनेक जण ही माहिती नसल्यामुळे आधी पॅरिसच्या मध्यभागी जातात आणि तिथून पुन्हा बाहेर येतात. त्यात सामानासह दीड तास सहज जातो.

परंतु ही दहा मिनिटांची गाडी पकडताना एक चूक होते आणि ती मी स्वतः केली आहे. २०१९ साली आम्ही गेलो तेव्हा विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत मी अवघे सव्वा तासाचे अंतर ठेवले होते. विमान वेळेवर उतरले, पण पारपत्र तपासणीच्या रांगेतच जवळजवळ तास गेला, बॅगा येईपर्यंत गाडी निघून गेली आणि तिकीट त्याच गाडीपुरते असल्यामुळे पैसेही बुडाले. पुढच्या गाडीला बराच वेळ होता. थकलेल्या मुलांना घेऊन थांबण्यापेक्षा उपनगरी गाडीने जावे असे मी ठरवले आणि तिथेही चुकलो. ते पुढे सांगतोच. मुलांचे रडवेले चेहरे मला अजून आठवतात, म्हणून तुला कळकळीने सांगतो, की छापील वेळेनुसार विमान उतरल्यानंतर किमान अडीच तासांनी सुटणाऱ्या गाडीचेच तिकीट काढ. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर परदेशी प्रवाशांच्या संगणकीय नोंदणीची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या प्रवेशाच्या वेळी रांगेत अधिक वेळ धरून चालणेच शहाणपणाचे ठरेल.

तुमचे विमान मुंबईहून थेट एअर फ्रान्सचे आहे, म्हणजे तुम्ही टर्मिनल २-ई मध्ये उतराल. हे तुमच्या दृष्टीने फार सोयीचे आहे, कारण टीजीव्हीचे स्थानक टर्मिनल दोनच्या इमारतींच्या मधोमध आहे आणि २-ई पासून तिथपर्यंत छताखालूनच चालत जाता येते. वाटेत सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. तुझ्या धाकट्या मेहुण्यासारखे कोणी टर्मिनल १ वर उतरले, तर त्याने सीडीजीव्हाल नावाच्या चालकाविना धावणाऱ्या मोफत गाडीने टर्मिनल २ पर्यंत यावे. पाट्यांवर 'गार टीजीव्ही' असे शब्द शोधायचे. 'गार' म्हणजे स्थानक आणि 'सॉर्ती' म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग, एवढे दोन शब्द मुलांनाही शिकवून ठेव. स्थानकात पोहोचल्यावर मोठ्या फलकावर गाडीचा क्रमांक पाहायचा. फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो, तोवर वरच्या दालनात आईंना बसवून ठेवता येईल.

तिकिटावर 'डिस्नेलँड' असे नाव सापडेलच असे धरू नकोस. स्थानकाचे अधिकृत नाव मार्न-ला-व्हाले शेसी असे आहे. प्रत्येक तिकिटावर डबा आणि आसन ठरलेले असते आणि गाडी फार थोडा वेळ थांबते, म्हणून आपल्या डब्यासमोर आधीच उभे राहावे. बऱ्याच गाड्या दुमजली असतात. आसने वरच्या मजल्यावर मिळाली तरी दहा मिनिटांसाठी आईंना जिना चढायला लावू नकोस. सामान दाराजवळच्या मांडणीत ठेवून सगळ्यांनी तिथेच थांबावे. ही सूचना मी विशेष आग्रहाने करतो, कारण या गाड्या उत्तरेकडच्या लील वगैरे शहरांतून येऊन दक्षिणेकडे जातात आणि शेसीला उतरायचे राहिले तर पुढचा थांबा चारशेहून अधिक किलोमीटरवरचे ल्यों शहर असू शकतो. विमानतळ सुटल्यानंतरचे पहिले स्थानक ते आपले, हे पक्के लक्षात ठेव.

या गाड्या लोकलसारख्या दर दहा मिनिटांनी सुटत नाहीत. दोन गाड्यांत कधी एक तास, कधी दोन तासांहून अधिक अंतर असते. तिकिटाचे दरही मागणीनुसार बदलतात आणि आधी काढलेले तिकीट बरेच स्वस्त पडते. तुझ्या तारखेला सोयीची गाडी नसेल तर दुसरा पर्याय म्हणून मी थेट बस सुचवीन. मॅजिकल शटल नावाची बस विमानतळावरून निघून डिस्नेच्या हॉटेलांच्या दारापर्यंत नेते. तिला सुमारे तासभर लागतो आणि रस्त्यावर गर्दी असली तर जास्तही, पण सामान एकदा पोटात ठेवले की हॉटेलपर्यंत त्याला हात लावावा लागत नाही. आईंच्या गुडघ्यांचा विचार केला, तर गाडीसाठी तीन तास ताटकळण्यापेक्षा ही बस निश्चित बरी.

आता उपनगरी गाडीचे. टीजीव्ही चुकली तर हा मार्ग हाताशी असावा, म्हणून तो समजून घे. विमानतळावरून आरईआर बी या निळ्या मार्गाने शातले-ले-आल या स्थानकापर्यंत यायचे, तिथे लाल रंगाच्या आरईआर ए मार्गाची गाडी पकडायची आणि शेवटच्या शेसी स्थानकापर्यंत बसून राहायचे. जानेवारी २०२५ मध्ये भाड्यांची पद्धत सोपी झाली. विमानतळाचे एकच तिकीट, जे त्या वर्षी तेरा युरो होते, गाडी बदलूनही शेसीपर्यंत चालते. ते बाहेर पडेपर्यंत जपून ठेवायचे आणि प्रत्येक माणसाचे वेगळे घ्यायचे.

शातले हे जमिनीखालचे अवाढव्य स्थानक आहे. गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर जशी दाटी होते तशीच तिथेही असते, म्हणून पारपत्रे आणि पैसे अंगालगत ठेवावेत. खरी सावधगिरी मात्र पुढे आहे. आरईआर ए पूर्वेकडे व्हँसेन स्थानकानंतर दोन फाट्यांत विभागली जाते. एक फाटा बुआसी-सँ-लेजेला जातो आणि दुसरा शेसीला. २०१९ मध्ये समोर आलेल्या गाडीत मी घाईने सगळ्यांना चढवले, आणि बाहेर नोजाँ-सुर-मार्न असे स्थानकाचे नाव दिसल्यावर 'मार्न' हा शब्द वाचून आपण बरोबर चाललो आहोत असे समजून स्वस्थ बसलो. मार्न हे तिथल्या नदीचे नाव आहे आणि दोन्ही फाट्यांवरच्या स्थानकांच्या नावांत ते येते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. एका सहप्रवासी बाईंनी मुलांच्या हातातला मिकीचा फुगा पाहून आम्हाला स्वतःहून थांबवले, पुढच्या स्थानकात उतरवले आणि व्हँसेनला परतणारी गाडी दाखवली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तू मात्र फलाटावरच्या फलकात शेसीच्या नावापुढे दिवा लागला आहे की नाही हे पाहूनच गाडीत चढ, कारण त्याच फाट्यावरच्या काही गाड्या तॉर्सीसारख्या आधीच्या स्थानकातच संपतात.

टॅक्सीबद्दल थोडक्यात. विमानतळावरून पॅरिस शहरात जाण्याचे टॅक्सीचे दर सरकारने ठरवून दिले आहेत, पण डिस्नेलँडसाठी ते लागू नाहीत. तिथे मीटरप्रमाणे पैसे होतात. पाच जण आणि सामान म्हटल्यावर मोठी गाडीच लागेल, ती आधी सांगून ठेवावी लागते. बाहेर पडण्याच्या दालनात जवळ येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' असे विचारणाऱ्या माणसांबरोबर कधीही जाऊ नकोस. अधिकृत रांगेतूनच गाडी घ्यावी.

शेसीला पोहोचल्यावर बाहेर पडलास, की एका बाजूला उद्याने आणि दुसऱ्या बाजूला दुकाने-उपाहारगृहांची डिस्ने व्हिलेज ही वसाहत दिसेल. मुले तिथूनच उद्यानाकडे धावतील, पण आधी हॉटेलला जा. मोफत बसवर हॉटेलांची नावे लिहिलेली असतात, शायानचे नाव पाहून चढ. पायी जायचे तर तळ्याच्या काठाने आणि पुढे एका ओढ्याच्या बाजूने वीसेक मिनिटांची रमणीय वाट आहे, ती बॅगांशिवाय संध्याकाळी परतताना चाला. खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते, परंतु सामान सकाळीच हॉटेलच्या सामानखोलीत ठेवून घेतात. दारात बॅगांची तपासणी होते, त्यासाठी थोडा वेळ धर. मे महिन्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथे सकाळचे दहा वाजले असताना आईंच्या शरीराच्या हिशेबाने दुपारचा दीड झालेला असेल. औषधे आणि जेवण त्या बेताने हातातल्या पिशवीत ठेव. आईंना दही-फळे लागतील, तर आरईआरने एकच स्थानक मागे व्हाल द्युरोप आहे आणि तिथल्या मोठ्या बाजारसंकुलात ओशाँ नावाचे किराणा दुकान आहे.

तुझा भाऊ लंडनहून येऊन तुम्हाला तिथेच भेटणार आहे ना? त्याला कळव, की लंडनहून डिस्नेलँडला थेट जाणारी युरोस्टार रेल्वे जून २०२३ मध्ये बंद झाली. आता त्याने लीलला गाडी बदलून शेसीला यावे. तो प्रवासही पॅरिसमध्ये न शिरताच होतो.

परतीच्या दिवशी मात्र हिशेब उलटा कर. जाताना गाडी चुकली तर वेळ जातो, येताना चुकली तर विमान जाते. म्हणून विमानाच्या वेळेआधी किमान चार तास विमानतळावर पोहोचवणारी टीजीव्ही निवड. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप अधूनमधून होतात आणि त्यांची सूचना आधी मिळते. निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या स्वागतकक्षात एवढे एकदा विचारून घे.

आईंसाठी चाकांच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे आताच नोंदव, निघण्याच्या दिवशी काउंटरवर मागण्याची वेळ येऊ देऊ नकोस. खुर्ची ढकलणारा मदतनीस टर्मिनलच्या दारापाशी सोडून जाऊ लागला, तर त्याला 'गार टीजीव्ही' एवढे सांगून पाहा. रेल्वेची मदतसेवा वेगळी असते आणि तिची नोंदणीही वेगळी, आगाऊ करावी लागते. तिकिटे काढण्यापूर्वी विमानाची वेळ आणि तू निवडलेल्या गाडीची वेळ मला लिहून पाठव. मी ती तपासून त्याच दिवशी उत्तर देईन.

आईंना माझा साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा स्नेही