सरकारी नकाशे हाताने नको, स्क्रिप्टने चढवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पूर्व विदर्भातल्या एका सरकारी कार्यालयात मी कंत्राटावर जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं काम करतो. मध्यंतरी मच्छीमार सोसायटीचे दोन काका ऑफिसात आले, मोबाईलवर आमचाच ऑनलाइन नकाशा उघडला आणि विचारलं, "भाऊ, आमचा तलाव कुठं गेला?" बघतो तर गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, सगळेच्या सगळे नंदुरबारजवळ जाऊन बसलेले.

कारण एका आकड्याची चूक. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडचा आमचा भाग यूटीएमच्या, म्हणजे जगाचे ६-६ अंशांचे पट्टे पाडणाऱ्या नकाशापद्धतीच्या ४४ नंबरच्या झोनमध्ये येतो, त्याचा कोड ३२६४४. पश्चिमेकडच्या महाराष्ट्राचा ३२६४३. डेटाबेसमधल्या टेबलात, म्हणजे माहितीच्या तक्त्यात हा कोड नीट लिहिलेला नव्हता, मग जिओसर्व्हर या नकाशे ऑनलाइन दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर लेअर (नकाशाचा एक थर) चढवताना तो हाताने भरावा लागला आणि तिथं ४ ऐवजी ३ पडला, बस, तलाव ६ अंश पश्चिमेला, ६०० किलोमीटरच्या वर. ज्याने भरला त्या मुलाचं कंत्राट संपलं, तो गेला, त्याला दोष देत नाही, एकामागून एक लेअर माऊसने क्लिक करत चढवायचे म्हटल्यावर कुणाचंही असं होणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम स्क्रिप्टने, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या कमांडच्या यादीने करायला हवं आणि टेंडरमध्ये तसं लिहायला हवं. आणि चढवायचा तो टेबलचा व्ह्यू. व्ह्यू म्हणजे टेबलला ठेवलेली खिडकी. आतल्या टेबलात तलावाचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, ठेका, सोसायटीच्या अध्यक्षांचा मोबाईल असं सगळं असतं, पण लोकांना दाखवायचं तेवढंच खिडकीतून दिसतं. आमच्याकडे पूर्वी अख्खं टेबलच चढवलेलं होतं, म्हणजे तलावावर क्लिक केलं की अध्यक्षांचा नंबर जगजाहीर! हे मला खरंच लागलं. आता पोस्टजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये व्ह्यू केलाय, त्यात नंबर नाही आणि कोड पक्का ३२६४४ बांधलेला आहे.

स्क्रिप्ट काही फार मोठी नसते. जिओसर्व्हरला रेस्ट नावाचा दरवाजा आहे, त्यातून कर्ल नावाच्या छोट्या प्रोग्रामच्या कमांडने सांगायचं की हा व्ह्यू घे, हे नाव दे, हा कोड लाव, हद्द मोजून घे. उद्या सर्व्हर बसला तर तीच स्क्रिप्ट परत चालवायची, सगळे लेअर जसेच्या तसे उभे राहतात, नाहीतर आठवडाभर कुणीतरी आठवून आठवून क्लिक करत बसतो. आणखी एक, टेबलात दुरुस्ती केली की व्ह्यूत ती लगेच येते पण नकाशाची जुनी चित्रं सर्व्हरवर साठून राहतात, ती पुसली नाहीत तर फुटलेल्या पाळीची दुरुस्ती होऊनही नकाशात तलाव फुटलेलाच दिसतो. हे पुसायचं कामही स्क्रिप्टमध्येच टाकता येतं, माणूस ते हमखास विसरतो.

जिओसर्व्हर, पोस्टजीआयएस दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स आहेत, २००१ पासून आहेत, लायसन्सचा खर्च नाही. तरी एजन्सी काम करून जाते तेव्हा हातात फक्त वेबसाईटची लिंक मिळते, व्ह्यूच्या क्वेरी आणि स्क्रिप्ट त्यांच्या लॅपटॉपवरच राहतात. बिल काढण्याआधी त्या कार्यालयात जमा करून घ्याव्यात आणि आमच्यासमोर रिकाम्या सर्व्हरवर एकदा चालवून दाखवायला लावाव्यात, मगच सही करावी. पासवर्ड मात्र स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नये, तेही मी बघितलंय. आणि नकाशाच्या कोपऱ्यात डेटा कोणत्या तारखेचा आहे ते छापावं.

काकांना तलाव परत जागेवर आणून दाखवला. त्यांनी झूम करून पाळ बघितली, गट नंबर जुळवला आणि प्रिंट मागितली, ती पण दिली.

आपला,
एक कंत्राटी जीआयएस ऑपरेटर, पूर्व विदर्भ